आजोबांची रंधा मशीन: वय किती, मोल किती

आजोबा गेले आणि मागे राहिली त्यांची कामाची खोली. भिंतीला पटाश्या, कोपऱ्यात फळ्यांची चळत आणि मधोमध बारा इंची रंधा मशीन. वारस दोन, थोरला नातू आणि त्याची धाकटी बहीण. भांडण नव्हतं, पण पेच होता. थोरल्याला मशीन ठेवायची होती. धाकटीला ती नको होती, पण आपल्या निम्म्या वाट्याचे पैसे हवे होते, आणि ते रास्तच होतं. निम्मं करायचं तर आधी पूर्ण आकडा हवा. घरात तोपर्यंत दोन आकडे फिरत होते. एक जण म्हणाला होता, भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा. दुसऱ्याने सांगितलं होतं, शंभर वर्षांपुढची अँटिक आहे, लाखमोलाची. दोघांपैकी एकानेही मशीनला हात लावलेला नव्हता.

किंमत ठरवायला मला बोलावलं तेव्हा थोरल्याच्या हातात वायर ब्रश होता आणि बाजूला हिरव्या रंगाचा डबा. "तुम्ही यायच्या आत जरा चकाचक करून ठेवतो म्हटलं, काका." मी आधी तो ब्रश काढून घेतला. जुन्या मशीनवरचा मळ, रंगाचे थर, बोल्टांच्या डोक्यांवरचे ओरखडे हेच तिचे कागदपत्र असतात. ते घासून टाकले की राहतो नुसता बिडाचा गोळा. शिवाय जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. तो कोरडा घासून त्याची धूळ छातीत भरून घेण्यात शहाणपण नाही. रॉकेलने ओली केलेली चिंधी, लाकडाची चपटी पट्टी आणि भरपूर वेळ, एवढंच त्या दिवशी वापरलं.

ओतलेलं "वर्ष"

"वय शोधायची गरजच नाही," थोरला बॅटरी घेऊन जमिनीवर आडवा झाला. "हे बघा, खाली वर्षच ओतलंय." बॉडीच्या आतल्या अंगाला बोटभर उंचीचे उठावदार आकडे होते: १९११. शंभर वर्षांपुढची ही कथा कुठून आली ते कळलं.

मी पुढच्या टेबलाखाली चिंधी फिरवली. तिथे निघालं १९१३. फेन्सच्या, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या उभ्या आधाराच्या, ब्रॅकेटवर १९२६. आणि टेबल वर-खाली करायच्या हातचाकाच्या आऱ्यामागे १८८४. हे आकडे सालं मानले, तर चाक बॉडीच्या आधी सत्तावीस वर्षं तयार होऊन वाट बघत बसलं होतं असं म्हणावं लागेल. ओतशाळेत प्रत्येक भागाचा लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुना, असतो आणि त्या पॅटर्नवर त्याचा नंबर ठोकलेला असतो. वाळूत पॅटर्न दाबला की नंबरही उमटतो. कारखान्याचे पॅटर्न हजार-दोन हजारांच्या घरात गेले की ते आकडे हुबेहूब सालासारखे दिसायला लागतात. हातचाक बहुधा आधीच्या एखाद्या मशीनसाठी केलेल्या पॅटर्नवरचं असणार. चालणारा पॅटर्न कोण टाकून देतो? सालाची खूण बहुतेक वेळा वेगळी असते: महिना-वर्षाची जोडी, नाहीतर ठोकून काढलेला अनुक्रमांक, ज्याची नोंद कारखान्याच्या वहीत असते. आमच्या मशीनवर अनुक्रमांक होता, टेबलाच्या कडेला चार आकडी. पण तो कोणाच्या वहीत शोधायचा हेच ठाऊक नव्हतं. नावाची पाटी गायब होती. उरली होती स्क्रूची चार भोकं आणि त्यांच्यामधला फिकट लंबगोल.

पाटी दोन तासांनी धाकटीला सापडली, पात्यांच्या पत्र्याच्या डब्यात, तेलकट कागदात गुंडाळलेली. आम्ही तिघंही खूश झालो. ती भोकांवर धरली, चारही जुळली. मग नीट वाचली. पाटी मशीन बनवणाऱ्याची नव्हती, विकणाऱ्या पेढीची होती. त्या काळी आयातदार आणि घाऊक विक्रेते आपली पाटी लावून मशिनी विकत. कित्येकदा पाटीवर फक्त "पुरवठादार" एवढा बारीक शब्द असतो, बाकी दिमाख कारखानदाराचा. पाटीवरचं नाव वाचून घाईघाईने कारखाना ठरवणारे पुष्कळ भेटतात. आम्ही पाटी पुन्हा कागदात गुंडाळली.

मग उरला एकच मार्ग: प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे त्याचं वय विचारायचं. जुन्या मशीनला एक वय नसतं. बॉडी एका काळची, बेअरिंग दुसऱ्या, मोटर तिसऱ्या. त्यातलं कोणतं मूळचं आणि कोणतं मागाहून आलेलं, हे कळलं की दोन बाजूंच्या हद्दी आखता येतात.

बोल्टाचे आटे

सुरुवात अर्धा इंची बोल्टांपासून केली. टेबल ज्याने बॉडीला आवळलं होतं तो एक बोल्ट काढला आणि त्यावर पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, टेकवला. इंचाला बारा आटे. अर्ध्या इंचाचा अमेरिकन बोल्ट असता तर तेरा निघाले असते. बारा म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ही पद्धत मांडली, तिचा कोन ५५ अंश, अमेरिकन आट्याचा ६०. एका बोल्टावर विसंबू नये, म्हणून वेगवेगळ्या जागचे पाच मोजले. पाचही तसेच. म्हणजे मशीन ब्रिटिश, किंवा ब्रिटिश वळणाच्या कारखान्यातली.

खरी गंमत बोल्टाच्या डोक्यात होती. व्हर्नियर लावला: समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर ०.९२ इंच. ही अर्धा इंची व्हिटवर्थची जुनी, मोठी षटकोनी डोकी. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला म्हणून १९४१ मध्ये ब्रिटनने डोकी एक माप लहान केली. अर्ध्या इंचाचं डोकं ०.८२ इंचावर आलं. म्हणूनच जुन्या पान्यांवर एकाच पान्याला दोन मापं लिहिलेली दिसतात. आमच्या मशीनवर टेबल, बेअरिंगची झाकणं, पाय, सगळीकडे ०.९२. फक्त मोटरच्या ब्रॅकेटचे चार बोल्ट ०.८२, आणि त्यांच्या वॉशरखाली हिरवा रंग आधीच बसलेला. म्हणजे रंग आधी, मोटर नंतर. नुसत्या डोक्यावरून निकाल देऊ नये, कारखान्यात जुना माल वर्षानुवर्षं खपत राहतो. पण सगळे मूळचे बोल्ट एका बाजूला आणि नंतरचे दुसऱ्या, अशी फूट पडली की पुरावा जड होतो.

कटर ब्लॉक

रंधा मशीनचं काळीज म्हणजे कटर ब्लॉक. जुन्या मशिनींत तो चौकोनी असे, चार बाजूंचा पोलादी दांडा, पाती वरून बोल्टांनी आवळलेली. चौकोनी ब्लॉक फिरताना त्याच्या सपाट बाजू आणि टेबलाची धार यांच्यात मोठी फट उघडते. लाकूड निसटलं तर हात त्या फटीत खोल जातो आणि बोटंच्या बोटं जातात. गोल ब्लॉकमध्ये पातं जेमतेम बाहेर डोकावतं. इजा होतेच, पण हात आत ओढला जात नाही. ब्रिटनच्या १९२२ च्या लाकूडकाम-यंत्रांच्या नियमांनी हाताने लाकूड सरकवायच्या रंधा मशीनला गोल ब्लॉक आणि पात्यांवरचा पुलासारखा गार्ड, दोन्ही सक्तीचे केले.

आमचा ब्लॉक गोल, दोन पात्यांचा. आता प्रश्न असा, की तो मूळचा, की चौकोनी काढून मागाहून बसवलेला? असे बदल खूप झाले, आणि बदललेल्या मशीनवरून १९२२ चा निष्कर्ष काढला तर तो फसतो. म्हणून बेअरिंगच्या घरांकडे, म्हणजे ती ज्यात बसतात त्या खोबणींकडे, वळलो. ती बॉडीच्याच ओतकामात होती, जोडलेली नव्हती. आधी व्हाइट मेटलची, म्हणजे जागेवरच ओतलेल्या मऊ धातूची, बेअरिंग असती तर तेलाची भोकं, धातू ओतायचे खळगे, निदान बुजवलेल्या खुणा तरी दिसल्या असत्या. काहीच नव्हतं. झाकणाच्या सांध्यावरून सगळ्यात खालचा काळा रंग सलग गेलेला होता. आत बॉल बेअरिंग, नंबर १३०८.

इथे थोरल्याने बरोबर शंका काढली. "काका, हे चाळीस मिलिमीटर भोकाचं. मशीन इंचांची आणि बेअरिंग मिलिमीटरचं. म्हणजे नंतरच घातलं असणार ना?" हा समज सर्रास आढळतो. बॉल बेअरिंगची मिलिमीटरमधली मापं फार आधीपासून रुळली, इंचांत घडवलेल्या ब्रिटिश मशिनीतही ती बसत. १३०८ म्हणजे ४० मिलिमीटर भोक, ९० बाहेरचा व्यास, २३ रुंदी, आपोआप सरळ होणारं, दोन ओळींचं. या जातीचं बेअरिंग स्वेन विंगक्विस्टने १९०७ मध्ये स्वीडनमध्ये काढलं. बेअरिंग स्वतः बदललेलं असू शकतं, घर बदलता येत नाही. घराचं भोक मोजलं, नव्वद मिलिमीटर. म्हणजे मशीन जन्मापासून बॉल बेअरिंगची.

गार्डही नव्हता, पण त्याची जागा होती. मागच्या टेबलाच्या कुशीला ओतलेला उंचवटा, वरून मशीन केलेला, मधे आटे पाडलेलं भोक. गार्डच्या खांबाची जागा ओतकामातच ठरलेली आहे. गोल ब्लॉक १९२२ च्या आधीही मिळत असत, त्यामुळे एकट्या ब्लॉकवरून मी बोललो नसतो. ब्लॉक, बॉल बेअरिंगची घरं आणि गार्डचा उंचवटा, तिन्ही एकाच बॉडीत मूळचे आहेत, म्हणून १९२२ च्या अलीकडे यायला हरकत नव्हती.

कटर शाफ्टच्या टोकाला रुंद पुली, मधोमध किंचित फुगीर. चपट्या चामडी पट्ट्याची. पट्टा फुगीर भागावर आपोआप चढून मधे राहतो. म्हणजे मूळची मशीन छताखालच्या शाफ्टवर किंवा जमिनीवरच्या काउंटरशाफ्टवर चालत होती, स्वतःची मोटर तिला नव्हती.

मोटरचं प्रकरण लवकर मिटलं. तिच्या पाटीवर ३ हॉर्सपॉवर, १४४० फेरे, ५० "सायकल्स", म्हणजे आज ज्याला हर्ट्झ म्हणतात ते. हर्ट्झ हे एकक १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत अधिकृत झालं आणि पाट्यांवर रुळायला आणखी बराच काळ गेला. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत १९६३ च्या पानावर "मोटर बसवली, पट्टा नवा" अशी नोंद होतीच. त्याच वहीच्या पहिल्या पानावर, १९६१ मध्ये: "जुनी रंधा मशीन घेतली." त्या "जुनी" शब्दाने मला फार मदत केली. माणसाने स्वतः विकत घेताना लिहिलेला असा शब्द नातेवाइकांच्या आठवणींपेक्षा कितीतरी भरवशाचा.

अहवालात मी लिहिलं: बॉडी, टेबलं, कटर ब्लॉक १९२२ ते १९४१ या टप्प्यातले, कल १९३० च्या दशकाकडे. हा कल बॉडीच्या बंद पेटीसारख्या घडणीवरून, आणि तो कच्चा आहे असंही लिहिलं. मोटर १९६३ ची भर. फेन्स दुसऱ्या मशीनचा. फेन्सचं कसं कळलं? जोडारी जोडणी करताना भागांवर जुळवणीचे आकडे ठोकतो. बॉडीवर ४७, दोन्ही टेबलांखाली ४७, फेन्सवर ५२. पॅटर्न तोच, भावंडाकडून आलेला. टेबलं मात्र बॉडीबरोबरच घासून जुळवलेली, आणि किंमत ठरवताना याचं वजन जास्त.

किंमत

पहिला प्रश्न मी त्या दोघांना विचारला: किंमत कशासाठी? विमा, विक्री, वाटणी, तिन्हींचे आकडे वेगळे येतात. वाटणीसाठी हवी होती ती किंमत म्हणजे मशीन आज जिथे आहे, जशी आहे, तशी एखाद्या जाणत्याने राजीखुशीने घेतली तर काय देईल. रंगवून-सजवून झाल्यावरची नव्हे. ती मेहनत थोरला करणार, त्याचा पैसा धाकटीने का मागावा?

तळाची हद्द भंगाराची. अशी बारा इंची मशीन साधारण दहा हंड्रेडवेटची असते, म्हणजे पाचशे किलोच्या आसपास. त्यातून मोटर बाजूला, कारण तिच्यात तांबं आहे आणि त्याचा भाव वेगळा. या आकड्याला मी "एक" म्हणतो आणि बाकी सगळं त्याच्या पटीत मांडतो. भाव रोज हलतात, पट टिकतो. पण भंगाराचा आकडाही आयता हातात पडत नाही. खोलीचं दार तीस इंची. टेबलं उतरवायची, बॉडी पाइपांवर ढकलत न्यायची, चार माणसं आणि गाडी. हा खर्च घेणाराच कापून घेतो.

वरची हद्द संग्राहकाची. ती इथे लागूच पडत नव्हती. कारखाना अज्ञात, मूळचा पट्ट्याचा सरंजाम गेलेला, फेन्स परका, गार्ड नाही, आणि ही जात दुर्मीळही नाही. वय जास्त म्हणून किंमत जास्त हा हिशेब मशिनीला लागत नाही. उलट मशीन आणखी वीस वर्षं जुनी, चौकोनी ब्लॉकची असती, तर तिच्यावर कामाला माणूस लावायची माझी छाती झाली नसती आणि किंमत भंगाराच्या अंगाला गेली असती.

मधे राहतं ते कामाच्या मशीनचं मोल, आणि त्यासाठी तिची तब्येत बघावी लागते. बिडावर सगळीकडे लहान हातोडीने टकटक केली. धड बीड घंटेसारखं वाजतं, तडा असला की आवाज बद्द येतो. एका पायाशी आवाज बसला. माती काढल्यावर पितळेची पिवळी रेघ दिसली, कधीतरी तुटलेला पाय ब्रेझिंगने जोडलेला. भार घेणारी जागा नाही, पण कापायला हवं तेवढं कापलं. मागच्या टेबलावर सरळपट्टी ठेवून खाली फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री, सरकवला: मधोमध सहा थाऊची, म्हणजे इंचाच्या सहा हजारांशांची, झीज. सुताराच्या एका सुताच्या वीसाव्या हिश्श्याइतकी, फळ्या जोडायला नडत नाही. दोन्ही टेबलं एकमेकांना समांतर, पीळ नाही. शाफ्ट हाताने फिरवला, बेअरिंग मऊ, खरखर नाही. मोटर सुरू करून बघायचा आग्रह थोरल्याने धरला होता. वायरवरचं कापडी वेष्टण बोटाने दाबताच भुगा झालं, तेव्हा त्याने स्वतःच हात मागे घेतला. नवी वायर ओढून मग चालवली.

मशीन चालली, पण फळीवर लाटा. तिरप्या उजेडात धरली की पन्हळी पत्र्यासारख्या दिसत. "शेवटी शेवटी अशीच चालायची," धाकटी म्हणाली, "म्हणून आजोबा हातरंध्यानेच शेवट करायचे." घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की मशीन म्हातारी झाली.

मी पुल्या मोजल्या. मोटरवर आठ इंची, शाफ्टवर चार इंची. १४४० चे दुप्पट, २८८० फेरे. अशा ब्लॉकला साडेचार हजारांच्या आसपास हवेत. दोन पाती धरली तर मिनिटाला ५७६० काप. हाताने मिनिटाला सहा मीटर लाकूड सरकवलं तर प्रत्येक काप एक मिलिमीटरहून मोठा, आणि तो डोळ्याला दिसतोच. ४५०० फेऱ्यांना ९००० काप, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी. १९६३ मध्ये ज्याने मोटर बसवली त्याने हाताशी असलेली पुली लावली असणार, आणि तेव्हापासून ही मशीन निम्म्या-पाऊण दमाने चालत होती. मोटरला साडेबारा इंची पुली लावली की हिशेब बसतो. अर्थात फेरे वाढवण्याआधी पात्यांचे बोल्ट, ब्लॉक आणि बेअरिंग बारकाईने बघूनच, आणि गार्ड बसवल्याशिवाय नाहीच.

या शोधाने वाटणीचं गणित अवघड केलं. लाटा पाडणारी मशीन म्हणून आकडा धरायचा, की एका पुलीने बरी होणारी म्हणून? थोरल्याच्या फायद्याचा पहिला, धाकटीच्या फायद्याचा दुसरा. मी दुसरा धरला आणि त्यातून पुली, गार्ड, वायरिंग यांचा खर्च वजा केला. जाणता गिऱ्हाईक पुल्या मोजणारच. खऱ्या झालेल्या व्यवहारांशी ताडून पाहिलं, मागितलेल्या किमतींशी नाही. मागणारा काहीही मागतो. कामाला तयार अशी मशीन भंगाराच्या तिप्पट. दुरुस्ती, जोडलेला पाय, परका फेन्स आणि तीन फेजची मोटर वजा. ही मोटर घरगुती हौशी गिऱ्हाइकाच्या घरी चालत नाही, त्यामुळे घेणारे निम्मे गळतात. उरलं दीडपटीच्या थोडं वर. अहवालात पावणेदोन पट लिहिलं, आणि पाव पटीचा फरक कुणालाही लढवता येईल असंही.

"आणि आजोबांनी इतकी वर्षं चालवली त्याचं?" धाकटीने विचारलं. पुढच्या टेबलाच्या डाव्या कडेला, जिथे ते अंगठा टेकवायचे, तिथे बीड आरशासारखं झालं होतं. त्याचं काही कापलं नाही आणि काही धरलं नाही, असं मी सांगितलं. तिने तिथे बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली.

थोरल्याने निम्मे पैसे दोन हप्त्यांत दिले. पुली आली, गार्डचा खांब त्या जुन्या भोकात पहिल्याच फटक्यात बसला, आटे व्हिटवर्थ घ्यायचे एवढं लक्षात ठेवावं लागलं. हिशेबाची वही धाकटीने नेली. विक्रेत्याची लंबगोल पाटी कुणाकडे राहणार हे अजून ठरलेलं नाही. तोवर ती माझ्या टेबलाच्या खणात, त्याच तेलकट कागदात आहे.